शुभेच्छांना मिशा फुटतात तेव्हा

पुस्तकांचं परीक्षण करणारे लोक आहेत, नाटकांचं करणारे आहेत, आणि लग्नातल्या जेवणाचं परीक्षण तर प्रत्येक पंगतीत चार जण करत असतात. पण शुभेच्छापत्रांचं परीक्षण कुणी केलेलं माझ्या वाचनात नाही. ती येतात, कपाटावर आठ दिवस उभी राहतात आणि पुढच्या आवराआवरीत निघून जातात. खुर्ची रिकामी दिसली की बसावं, या सरकारी न्यायाने मी ही जागा घेतो आहे. माझी पात्रता दोन कलमी. मी अजून शाईच्या पेनाने लिहितो, आणि मी कुरखेड्याला राहतो.

पहिलं कलम समजलं, दुसऱ्याचा काय संबंध, असं पुण्याचा वाचक विचारील. संबंध आहे. १९४५ साली बल्लारपूरला कागद गिरणीची कंपनी निघाली, तेव्हा आमचा मुलूख चांदा जिल्ह्यातच होता. गडचिरोली जिल्हा वेगळा झाला तो १९८२ साली. या जंगलातला बांबू ट्रकात बसून बल्लारपूरला जायचा आणि शिकून-सवरून, गोरा होऊन, वहीच्या रूपाने परत यायचा. पुढे २०११ साली आमच्याच जिल्ह्यातल्या मेंढा (लेखा) गावाने आपल्या जंगलातल्या बांबूवरचा हक्क मिळवला, त्याची बातमी देशभर गेली. तेव्हा कागद कशाचा होतो आणि कुणाच्या घामातून होतो, हे आम्हाला कुणी शिकवू नये.

तर अलीकडे हातकागदाच्या शुभेच्छापत्रांची लाट आली आहे. प्रदर्शनात मिळतात, शहरातल्या मुली आईबापांना पाठवतात, आमचीही पाठवते. दिसायला ती फार देखणी असतात, यात वाद नाही. कडा मुद्दाम फाटल्यासारख्या, रंग हळदीचा किंवा मातीचा, वर वारली नाच किंवा गोंडी हरीण, आत झेंडूच्या पाकळ्या. हातात घेतलं की माणूस उगाचच हळू बोलायला लागतो. मीही लागलो. मग पेनाचं टोपण काढलं आणि पुढचा सगळा प्रकार घडला.

माझी थोरली बहीण आरमोरीला असते. वय ८२. दृष्टी चांगली, चष्मा लावून पेपर जाहिरातींसकट वाचते, पण कान गेले आहेत. फोनवर तिच्याशी बोलायचं म्हणजे आख्ख्या आळीशी बोलायचं; आळीला सगळं कळतं, तिला सोडून. त्यामुळे आमचं बोलणं आता कागदावरच होतं. तिच्या वाढदिवसाला मी एक उंची हातकागदाचं कार्ड घेतलं आणि शाईच्या पेनाने लिहिलं, ‘ताई, तुझं रोज स्मरण होतं.’ ‘स्मरण’मधला अर्धा स नेमका एका झेंडूच्या पाकळीवर आला. शाई पसरली, पाकळीने स गिळला आणि आरमोरीला पोचलं ते, ‘ताई, तुझं रोज मरण होतं.’

चार दिवसांनी ताईचं पोस्टकार्ड आलं. ‘मी अजून आहे. मरण रोज होत नसतं, एकदाच होतं. सुतक धरलं असशील तर सोड, आणि भेटून जा.’

हसलो आम्ही. पण ज्या माणसाशी बोलायची एकच वाट उरली आहे, त्या वाटेवर झेंडूची पाकळी आडवी पडावी, हे मला काही केल्या पटेना. म्हणून मी मिळतील ती हातकागदाची कार्डं जमा केली आणि एकेकावर लिहून पाहिलं. त्यांच्या ढोबळ चार जाती निघाल्या.

पहिली जात फुलवाली. कागदाच्या लगद्यातच पाकळ्या, पानं, गवताच्या काड्या मिसळलेल्या असतात. निब काडीला अडतं, उडी मारतं आणि पुढच्या अक्षरावर पडतं. त्यावर लिहिणं म्हणजे बैलगाडीत बसून दाढी करणं.

दुसरी जात केसाळ. हिच्यात फुलं नसतात, पण धागे सुटे असतात. ते निबाच्या चिरेत शिरतात, आणि पेन झाडू मारल्यासारखं चालायला लागतं. शाई धाग्याधाग्याने बाहेर पळते आणि प्रत्येक अक्षराला मिशा फुटतात. ‘चिरंजीव’ला शोभतात एक वेळ, पण ‘सौभाग्यवती’ला मिशा म्हणजे फारच झालं.

तिसरी जात गडद रंगाची. काळा, जांभळा, गर्द हिरवा कागद. शाईच्या पेनातली शाई म्हणजे पाण्यात विरघळलेला रंग. ती पारदर्शक असते. काळ्या कागदावर निळी शाई म्हणजे अमावास्येला हरवलेली म्हैस. आहे नक्की, पण दिसत नाही.

चौथी जात शहाणी. बाहेरून हातकागद आणि आत गुळगुळीत, चकचकीत कागद चिकटवलेला. इथे शाई पसरत नाही, पण वाळतही नाही. पाकीट बंद केलं की उजव्या पानावरचा आशीर्वाद डाव्या पानावर उलटा उमटतो.

प्रदर्शनातल्या एका मुलीला मी हे सगळं समजावून सांगितलं. तिने शांतपणे ऐकलं आणि म्हणाली, ‘‘काकाजी, यावर लिहायचं नसते. हे नुसतं द्यायचं असते.’’

या एका वाक्यात तिने या सगळ्या कलेचं परीक्षण करून टाकलं. माझं भांडण आहे ते याच वाक्याशी.

आता दोष कुणाचा, ते पाहू. शाईचा नाही. दांडेकर बंधूंनी १९३१ साली घोडाछाप शाईपासून सुरुवात केली, तिची पुढे कॅम्लिन झाली. मराठी घरांच्या पिढ्या त्या शाईने बोटं निळी करत शिकल्या आणि अक्षरं जागच्या जागी राहिली. हाताचाही दोष नाही. दोष आहे खळीचा. म्हणजे ती नसण्याचा. कागद म्हणजे एकात एक गुंतलेले धागे. त्यांच्यामध्ये बारीक बारीक वाटा असतात आणि पातळ शाई त्या वाटांनी धावत सुटते. तिला थांबवायचं तर धाग्यांना काही तरी पाजावं लागतं. कुठे तांदळाची किंवा गव्हाची खळ, कुठे सरस, गिरणीत राळ आणि तुरटी. खळ नसलेल्या कागदाला आपल्याकडे नाव आहे आणि काम आहे. त्याला टीपकागद म्हणतात. तो शाई पिण्यासाठीच असतो. त्याच्यावर फुलं चिकटवून त्याला शुभेच्छापत्र म्हणणं म्हणजे पोतेऱ्याला जर लावून शालू म्हणणं.

मग हे बनवणाऱ्यांच्या लक्षात कसं येत नाही? कारण ते लिहून पाहिलंच तर बॉलपेनने पाहतात. बॉलपेनची शाई तेलकट आणि घट्ट. ती कुठेही बसते, बसच्या पाठीवरही बसते. तिच्या साक्षीवर कागदाला निर्दोष सोडू नये.

तुम्ही म्हणाल, अहो, हाताने केलेला कागद असाच असणार, थोडा खरखरीत, थोडा भाबडा. हा गैरसमज अगदी अलीकडचा आहे. गिरण्या नव्हत्या तेव्हा सगळाच कागद हातचा होता. दौलताबादजवळच्या कागजीपुऱ्यात तो बनायचा, जुन्नरला बनायचा. पेशव्यांचे हिशेब, सावकारांच्या चोपड्या, पोथ्या सगळं त्यावरच. ते कागदी लोक ताव वाळला की त्याला खळ लावायचे आणि गुळगुळीत दगडाने किंवा शंखाने घोटत बसायचे. त्या घोटलेल्या कागदावर बोरू असा चालायचा की दोन-अडीचशे वर्षांनंतरही मोडीतला काना आणि वेलांटी जागेवर आहेत. अर्थ लागत नाही तो आपल्याला मोडी येत नाही म्हणून. कागदाचा त्यात काही दोष नाही.

आणि गांधीजींनी या धंद्याला पुन्हा उभं केलं तेही भिंतीवर लावण्यासाठी नव्हे. १९३४ साली आमच्या विदर्भातच, वर्ध्याला, ग्रामोद्योग संघ निघाला. त्याच्या उद्योगांत हातकागद होता. १९४० साली त्यांच्याच प्रेरणेने पुण्याला हातकागद संस्था सुरू झाली. खेड्यातल्या माणसाला काम मिळावं आणि त्याच्या कामाचा माल रोजच्या वापरात यावा, असा तो विचार. रोजच्या वापरातून उठून हा कागद आता काचेच्या कपाटात जाऊन बसला आहे. तिथे मान मिळतो, पण गिऱ्हाईक वर्षातून एकदाच येतं. लगद्याच्या टाकीत दिवसभर हात बुडवून एकेक ताव उचलणाऱ्या, तो कापडावर उतरवणाऱ्या, दाबून वाळवणाऱ्या बायांच्या पोटाला हे परवडणारं नाही. खळ आणि घोटाई वाचवून कागद स्वस्त होत असेल; पण ज्याने एकदा त्यावर लिहिलं तो दुसऱ्यांदा घेत नाही, याचा हिशेब कोण ठेवतो?

शुभेच्छापत्रांचं कुळही तपासून पाहिलं. १८४३ साली लंडनच्या हेन्री कोल नावाच्या गृहस्थांना नाताळची पत्रं लिहायला सवड नव्हती. त्यांनी हॉर्सली नावाच्या चित्रकाराकडून एक चित्र काढून घेतलं, त्याची हजार कार्डं छापली आणि स्वतःला पुरून उरलेली एक शिलिंगाला एक या भावाने विकली. कोरी जागा दोनच ठिकाणी, कुणाला आणि कुणाकडून. म्हणजे ही वस्तू जन्मली तीच मुळी लिहायचं टाळण्यासाठी! त्या अर्थाने सकाळी सकाळी मोबाइलवर येणारा गुलाब आणि वाफाळता कप हे कोलसाहेबांचेच पणतू. त्यांच्यावर मी रागावत नाही, ते आपल्या कुळाला जागतात. पण हाताने केलेल्या कार्डाने तरी हाताने लिहू द्यावं, एवढी माझी मागणी आहे. कागदाला हाताचं कौतुक आणि अक्षराला हाताची बंदी, हा कुठला न्याय?

नुसती टीका करून उठू नये, म्हणून दोन उपाय सांगतो. दोन्ही घरी करून पाहिले आहेत. पहिला बुकबायंडरांचा. कार्ड हातकागदाचंच असू द्यावं, आत चांगल्या लिहिण्याच्या कागदाचं एक दुमडलेलं पान ठेवून घडीत दोऱ्याचा टाका घालावा. बाहेर कला, आत मजकूर, दोघांचा संसार सुखाचा. दुसरा उपाय आमच्या धानाच्या मुलखाचा. भाताची पेज गाळून घ्यावी, मऊ ब्रशने कार्डाच्या आतल्या बाजूला पातळ हात द्यावा, वजनाखाली वाळवावं, पुन्हा एक हात द्यावा. मग सती नदीतला एक गुळगुळीत गोटा घेऊन घोटत बसावं. फुलवाल्या जातीवर हा उपाय चालत नाही, बाकीच्यांच्या मिशा बऱ्याच उतरतात. आमच्या घरी याला विरोध झाला. ‘‘अहो, निवृत्त झाल्यावर लोक नातवंडं सांभाळतात, तुम्ही दगड घासता,’’ असं ऐकावं लागलं. शिवाय खळीच्या कागदावर कसर येते, हेही खरं. पण शब्द वाचून झाल्यावर कसरीने खाल्ले तर चालेल. वाचायच्या आधी पाकळीने खाऊ नयेत.

आमच्या झाडीपट्टीत नाटक रात्रभर चालतं. वडशाच्या कंपनीतला नट नुसता देखणा असून भागत नाही. पहाटेपर्यंत त्याचा आवाज पोचला पाहिजे, नाही तर मागच्या रांगेतली माणसं सांगतात, ‘‘दिसतो चांगला, पन आयकू नाही येत जी.’’ हातकागदाच्या कार्डांबद्दल माझा अभिप्राय शब्दशः हाच आहे. तेव्हा कार्ड घ्यायला जाल तेव्हा खिशात शाईचं पेन ठेवा, आणि दुकानदाराची परवानगी घेऊन मागच्या कोपऱ्यात एकच शब्द लिहून पाहा. ‘स्मरण’ लिहा. वाचता आलं तर पैसे द्या.