गोडसे भटजींचे कान

विष्णुभट गोडसे यांचा ‘माझा प्रवास’ आपण वाचतो तो १८५७ च्या बंडाची प्रत्यक्षदर्शी हकीकत म्हणून. अमृतलाल नागर यांनी केलेल्या हिंदी अनुवादाचं नावच ‘आँखों देखा गदर’ असं आहे. नाव चटकन लक्षात राहतं, पण पुस्तकाला ते अर्धंच लागू पडतं. हे पुस्तक जितकं डोळ्यांचं आहे तितकंच कानांचंही आहे. आपण जे गावोगावच्या मराठी घराण्यांचा इतिहास लिहायला बसतो, त्यांनी यातून शिकायचं ते मुख्यतः कानांचं काम.

थोडी पार्श्वभूमी. गोडसे हे पेणजवळच्या वरसईचे भिक्षुक. घरात पैशाची ओढाताण होती. ग्वाल्हेरच्या बायजाबाई शिंदे मथुरेस मोठा यज्ञ करणार, दक्षिणा चांगली मिळेल, असं कळल्यावरून ते काका रामभटांबरोबर उत्तरेकडे निघाले. महूच्या आसपास पोचतात तो बंडाची बातमी कानावर आली. पुढे १८५८ च्या मार्च-एप्रिलमध्ये, सर ह्यू रोजने झाशीला वेढा घातला तेव्हा, काका-पुतणे शहरातच होते. हे सगळं कागदावर उतरलं ते १८८३ च्या सुमारास, चिंतामण विनायक वैद्य यांच्या आग्रहामुळे. म्हणजे घटना आणि लेखन यांत सुमारे २५ वर्षांचं अंतर.

माझी मूळ विद्या इंजिनिअरिंगची, त्यामुळे पुस्तक वाचताना मी सरळ दोन रकाने आखतो: पाहिलेलं आणि ऐकलेलं. पहिल्या रकान्यात झाशीवर पडणारे तोफगोळे, शहर पडल्यावर जीव मुठीत धरून लपून राहणं, आधी जडजवाहीर आणि मग भांडीकुंडी अशी पायरीपायरीने झालेली लूट, राजवाड्यातल्या ग्रंथसंग्रहाचा नाश. काल्पीच्या बाजूला विहिरीवर झालेली राणीची भेटही याच रकान्यात. दुसऱ्या रकान्यात मात्र बरंच काही जातं. उदाहरणार्थ, गंगाधररावांच्या वागण्याचे सगळे किस्से. गंगाधरराव वारले १८५३ च्या नोव्हेंबरात. भटजी झाशीत आले त्यानंतर चारेक वर्षांनी. तेव्हा ते किस्से म्हणजे झाशीच्या ओसऱ्यांवर चाललेलं बोलणं. ते खोटं असेल असं नव्हे, पण त्याचा साक्षीदार झाशी शहर आहे, गोडसे नव्हेत. गंगाधररावांवर लिहिताना पुष्कळजण हा फरक विसरतात आणि ‘गोडसे यांनी पाहिलं’ असं बेधडक लिहून मोकळे होतात.

आता उलट बाजू. ऐकीव म्हणून सोडून द्यावं का? तर मुळीच नाही. वाटेत शिपायांकडून ऐकलेली चौऱ्याऐंशी कलमांची गोष्ट घ्या. इंग्रजांनी राजेरजवाड्यांना कलकत्त्यास बोलावलं आणि धर्म बुडवणारी चौऱ्याऐंशी कलमं त्यांच्यापुढे ठेवली, असं त्या गोष्टीत येतं. अशी सभा झालेलीच नाही. पण त्या कलमांमागे खऱ्या गोष्टी दिसतात. धर्मांतर केलेल्याचा वारसाहक्क राखणारा १८५० चा कायदा, १८५६ चा विधवाविवाहाचा कायदा, दत्तक नामंजूर करून खालसा केलेली संस्थानं, काडतुसांची चरबी. कलकत्त्यात काय घडलं यासाठी हा पुरावा शून्य किमतीचा. महूच्या वाटेवरच्या शिपायाला कशाची धास्ती होती, यासाठी मात्र तो अव्वल. गोडसे यांनी ती गोष्ट हसण्यावारी नेली नाही, शहाणपणाने कापलीही नाही. जशी ऐकली तशी सांगितली. ऐकणाऱ्याचा हा मोठा गुण.

त्यांच्या कानांना मर्यादाही होतीच. ते उतरत ते ब्राह्मणांच्या घरी, बसत उठत ते शास्त्री, भिक्षुक आणि दरबारी मंडळींत. झाशीचे कोरी, कोष्टी, कुंजडे या काळात काय बोलत होते, ते या पुस्तकात फारसं येत नाही. ऐकणारा कुठे बसला होता, हेही टिपून ठेवावं लागतं.

आणखी एक मुद्दा, जो मला सगळ्यात महत्त्वाचा वाटतो. वैद्यांनी हे पुस्तक १९०७ साली छापलं ते भाषेवरून हात फिरवून, काटछाट करून. वाक्यं नेटकी झाली, पण सांगणाऱ्याचा आवाज दबला. मूळ संहिता छापून आली ती १९६६ साली, दत्तो वामन पोतदारांच्या संपादनाखाली. मोजणीच्या फील्ड बुकात आम्ही रबर वापरत नाही. आकडा चुकला तर त्यावर एक रेघ मारायची आणि शेजारी नवा लिहायचा, जुना वाचता आला पाहिजे. त्या कसोटीवर १९०७ ची आवृत्ती उतरत नाही. मात्र वैद्यांचं श्रेय नाकारता येणार नाही. त्यांनीच भटजींना लिहितं केलं आणि मूळ हस्तलिखित जपून भारत इतिहास संशोधक मंडळाकडे दिलं. म्हणून तर पोतदारांना पुढचं काम करता आलं.

नागरांच्या बाबतीतही गंमत आहे. अनुवादाच्या नावात ‘डोळे’ घालणारा हा लेखक पुढे स्वतः अवधच्या गावागावांत फिरला, बंडाच्या आठवणी लोकांच्या तोंडून गोळा केल्या, आणि १९५७ साली ‘गदर के फूल’ लिहिलं. ते तर सरळसरळ ऐकून लिहिलेलं पुस्तक.

हे सगळं आज का सांगायचं? कारण इंदूर, ग्वाल्हेर, देवास, धार, झाशी इथल्या जुन्या मराठी वाड्यांतली सांगणारी पिढी आता थकली आहे. त्यांच्याकडे आपण मोबाईल घेऊन जातो, तासभर बोलणं रेकॉर्ड करतो, आणि घरी येऊन ते पुण्याच्या छापील मराठीत उतरवतो. आजी म्हणते ‘काय करून राहिला’, आपण लिहितो ‘काय करतो आहेस’. १९०७ सालीच झालं तेच आपण पुन्हा करतो. फरक एवढाच की वैद्यांनी मूळ प्रत ठेवली, आणि आपण फोनमधली जागा भरली म्हणून रेकॉर्डिंग पुसून टाकतो.

तेव्हा चार साध्या गोष्टी पाळाव्यात. रेकॉर्डिंग पुसू नये, दोन ठिकाणी ठेवावं. सांगणाऱ्याचे शब्द आधी जसेच्या तसे उतरवावेत, दुरुस्ती वेगळ्या रकान्यात. प्रत्येक गोष्टीला ‘हे तुम्ही पाहिलं की कुणाकडून ऐकलं?’ हा प्रश्न विचारावा, पण गोष्ट पुरी झाल्यावर, मध्येच तोडून नव्हे. आणि सनावळी जुळत नसेल तर तिथल्या तिथे वाद घालू नये. म्हातारा माणूस एकदा गप्प झाला की पुन्हा बोलत नाही. सन गॅझेटिअरमध्ये सापडेल. त्याच्या आजोबांना कशाची भीती वाटत होती, ते तिथे सापडणार नाही.