तेझुकांची उतरण : ‘ब्लॅक जॅक’ आणि ‘बुद्ध’

ओसामु तेझुका (१९२८–१९८९) यांच्याविषयी लिहिताना ‘मांगाचा देव’ ही त्यांना जपानमध्ये लाभलेली उपाधी उद्धृत करण्याची प्रथाच पडली आहे. जपानी चित्रकथेच्या, म्हणजे मांगाच्या, समीक्षेला ही उपाधी अडचणीची ठरते. देवाला उतरण नसते. तेझुकांच्या कारकिर्दीतील सर्वाधिक अभ्यसनीय भाग मात्र उतरणीचाच आहे.

चढणीचा इतिहास परिचित आहे. १९४७ मधील ‘शिन ताकाराजिमा’ने त्यांना वाचक मिळवून दिला, १९५२ पासून ‘तेत्सुवान आतोमु’ हा यंत्रबालक घरोघरी पोचला आणि १ जानेवारी १९६३ पासून तो दूरचित्रवाणीवर हलू-बोलू लागला. साठोत्तरी काळात मात्र ‘गेकिगा’ या प्रौढ, वास्तवलक्ष्यी चित्रकथेच्या खरबरीत रेषेपुढे तेझुकांची गोलसर, डिस्नेच्या वळणाची रेषा बाळबोध वाटू लागली. १९७३ साली त्यांनी स्थापन केलेली मुशी प्रॉडक्शन ही संस्था दिवाळखोरीत निघाली. तिचे प्रमुखपद त्यांनी आधीच सोडले होते, तरी नावाला लागायचा तो धक्का लागलाच.

त्याच वर्षाच्या अखेरीस ‘ब्लॅक जॅक’ सुरू झाली आणि लोकप्रियता परतली. नायक परवाना नसलेला, अवाच्या सव्वा मोबदला मागणारा शल्यचिकित्सक. तेझुका स्वतः वैद्यक शिकलेले, १९६१ साली त्यात डॉक्टरेट मिळवलेले. तेव्हा विज्ञानाचा जयघोष अपेक्षित होता. घडते ते निराळेच. ज्या गुरूने त्याला लहानपणी वाचवले, त्या होन्मांवरील शस्त्रक्रिया तो निर्दोष करतो आणि तरीही होन्मा दगावतात. आतोमुच्या जगात दुरुस्ती शक्य होती. येथे कौशल्य पूर्णत्वाला जाऊनही हरते.

‘बुद्ध’ (१९७२–१९८३) ही याच काळातील कृती. सिद्धार्थ जन्मण्यापूर्वीच कथा बरीच पुढे गेलेली असते, आणि ती असते चाप्रा या दासपुत्राची व तात्ता या बहिष्कृत पोराची. ही दोन्ही पात्रे तेझुकांनी कल्पिलेली आहेत. चाप्रा जन्म लपवून सेनापतीचा मानसपुत्र होतो. उघडकीस येताच कर्तृत्व निरर्थक ठरते. मराठी वाचकाला हे प्रकरण केवळ प्राचीन म्हणून वाचता येणार नाही. ‘अमर चित्रकथे’च्या सोज्ज्वळ चरित्रांवर वाढलेल्या वाचकाला तर त्यातील ओबडधोबड विनोद आणि मधूनच डोकावणारे आधुनिक संदर्भ खटकतील. ते काही ठिकाणी खटकावेत असेच आहेत; करुण प्रसंगाच्या तोंडावर केलेली थट्टा दर वेळी पेलली गेलेली नाही. तेझुकांची वर्णव्यवस्थाही ठोकळेबाज आहे. चार वर्णांच्या आराखड्यापलीकडे जातींची गुंतागुंत त्यांच्या हाती लागत नाही.

तरीही या महाकथेचे मोल तात्ताच्या शेवटात आहे. तो बुद्धाच्या सहवासात वाढतो, अनुयायी होतो, परंतु आई-बहिणीच्या हत्येचे वैर त्याला सोडवत नाही. उरल्यासुरल्या शाक्यांसह तो कोसलांवर चालून जातो आणि मारला जातो. अनुयायाचे वैर शमवण्यात खुद्द बुद्धाचा उपदेश अपुरा पडलेला दाखवण्याचे धाडस तेझुकांनी केले, तेही किशोरवाचकांच्या मासिकातून, आणि एका बौद्ध संघटनेशी निगडित असलेल्या प्रकाशनगृहाच्या छत्राखाली.