गंधाला भूतकाळ असतो काय?

एखाद्या कादंबरीचे वाचन गंधाच्या माध्यमातून होऊ शकते काय, हा प्रश्न समीक्षेच्या कक्षेबाहेरचा वाटण्याचा संभव आहे. आनिक गुताल यांनी फ्रान्सिस कामाई यांच्या सहकार्याने १९८१ मध्ये सिद्ध केलेल्या ‘ओ दाद्रियाँ’ या अत्तराने तो उपस्थित केला आहे. मार्गरीत युर्सनार यांची सम्राट हेड्रियनविषयीची कादंबरी (१९५१) ही त्याची प्रेरणा. ‘हेड्रियनचे पाणी’ हे नावच त्याला एका संहितेशी बांधून टाकते. तेव्हा त्या संहितेच्या संदर्भात त्याची परीक्षा करणे अन्यायाचे ठरू नये.

‘अत्तर’ हा शब्द येथे नाइलाजाने वापरला आहे. आपल्याकडील पारंपरिक अत्तरात फुलांचा अर्क चंदनाच्या तेलात उतरवतात. काष्ठगंध ही तेथे आधारभूमी असते आणि फूल तिच्यात मुरते. ‘ओ दाद्रियाँ’चा आधार मद्यार्क. त्यात प्रत्येक द्रव्य आपापल्या गतीने उडून जाते. लिंबू, पपनसासारखे ग्रेपफ्रूट आणि महाळुंग यांचा कडवट, सालीचा गंध आधी येतो नि आधी संपतो. मग सायप्रसचा कोरडा, किंचित राळेसारखा गंध मागे राहतो. (सायप्रसला मराठीत ‘सुरू’ म्हणता येते, पण त्या नावाने कोकणकिनाऱ्यावरची जी झाडे डोळ्यांपुढे येतात, ती वेगळ्याच कुळातील.) हा गंध फार टिकत नाही, ही त्याच्याविषयीची नेहमीची तक्रार. तिच्यात तथ्य आहे. मात्र संपणे हा या रचनेचा दोष नसून तिचा आशय आहे.

मर्ढेकरांनी संवेदनांच्या संघटनेत संवाद, विरोध आणि समतोल अशी लयतत्त्वे मानली. त्या परिभाषेत ‘ओ दाद्रियाँ’ जवळजवळ निखळ संवादलयीची रचना ठरते. लिंबाच्या आणि सायप्रसच्या तेलांत पायनीनसारखी काही द्रव्ये समान असतात. त्यामुळे फळ कोठे संपले आणि लाकूड कोठे सुरू झाले, हे नेमके सांगता येत नाही. हे कौशल्य असामान्य आहे. परंतु कादंबरीच्या दृष्टीने नेमका येथेच पेच पडतो.

युर्सनार यांचा हेड्रियन आपली कहाणी शेवटाकडून सांगू लागतो. जलोदराने ग्रासलेला साठीचा सम्राट वैद्याकडून परतला आहे आणि तरुण मार्कस ऑरेलियसला पत्र लिहितो आहे. सायप्रस आधी, लिंबू नंतर, असा तो क्रम आहे. निवेदकाला मागे वळता येते, कारण भाषेला भूतकाळ आहे. गंधाला तो नाही. गंधाने हुंगणाऱ्याला काही आठवेल. पण ते हुंगणाऱ्याचे गतायुष्य, हेड्रियनचे नव्हे. अत्तराचा काळ एकाच दिशेने वाहतो आणि त्याचा क्रम स्मृती ठरवीत नाही, द्रव्यांची बाष्पनशीलता ठरवते.

अत्तरात ग्रेपफ्रूट आहे, यावर इतिहासाचा आक्षेप घेता येईल. हे फळ वेस्ट इंडीजमधील संकरातून निपजले आणि अठराव्या शतकात बार्बाडोसमध्ये त्याची नोंद झाली. दुसऱ्या शतकातील हेड्रियनला ते ठाऊक असणे शक्य नाही. हा आक्षेप क्षुल्लक आहे. युर्सनार यांचा सम्राटही विसाव्या शतकातील फ्रेंचमध्येच बोलतो. गंभीर उणीव निराळी आहे.

रोमनांच्या लेखी सायप्रस हा शोकाचा, चितेचा वृक्ष. कादंबरीत त्या शोकाला कारण आहे. इ. स. १३० मध्ये अँटिनोअस नाईल नदीत बुडाला; त्या मृत्यूने हेड्रियनच्या आयुष्याचे आणि निवेदनाचेही दोन तुकडे होतात. अत्तरात असा तडा कोठेच जात नाही. तेथे सायप्रस येतो तो लिंबाच्या ताजेपणाचाच विस्तार म्हणून, सायंकाळच्या सावलीसारखा. शोकचिन्ह आहे, वियोग मात्र नाही. एका विरोधलयीची, एखाद्या न जुळणाऱ्या स्वराची येथे गरज होती. गुताल यांनी हेड्रियनची बाग वाचली आहे. त्या बागेत एकटा उरलेला माणूस वाचलेला नाही.

तरीही एका बाबतीत ही रचना कादंबरीच्या पुढे जाते. युर्सनार यांचा हेड्रियन गमावल्याचे सांगतो, पण पान उलटून मागे गेले की अँटिनोअस पुन्हा जिवंत भेटतो. मनगटावरचे लिंबू अर्ध्या-पाऊण तासात खरोखरच गेलेले असते. कुपी पुन्हा उघडली, तर येते ते दुसरे.