तक्त्यातले ‘बरोबर’ चिन्ह

शाळेच्या प्रयोगशाळेत भिंतीवर बहुधा एककांचा एक तक्ता टांगलेला असतो. वर किलो, हेक्टो, डेका अशा पायऱ्या आणि खाली रूपांतराचे आकडे. प्रयोगवहीतली सारणीही साधारण याच साच्याची. या तक्त्यांतले आकडे चुकीचे असतात असे नाही. तक्रार आहे ती आकड्यांच्या मधल्या ‘बरोबर’ या चिन्हाबद्दल.

‘१ मिलिलिटर = १ घनसेंटिमीटर’ आणि ‘१ मिलिलिटर पाणी = १ ग्रॅम’ ही दोन विधाने एकाखाली एक, एकाच ठशात छापलेली असतात. विद्यार्थ्याला ती एकाच जातीची वाटली तर दोष त्याचा नाही. पहिले विधान व्याख्येने खरे आहे, आणि तेही १९६४ पासून. त्याआधी, १९०१ पासून, लिटर हा एक किलोग्रॅम पाण्याच्या आकारमानावरून ठरवत. तो घनडेसिमीटरपेक्षा दहा लाखांत २८ भाग मोठा भरे. दुसरे विधान मात्र व्याख्या नाही, तो पाण्याचा गुणधर्म आहे. एक मिलिलिटर पारा १३.६ ग्रॅम भरतो, तर खाद्यतेलाच्या एक लिटरच्या पिशवीवर ९१० ग्रॅमच्या आसपासचे वजन छापलेले असते. तक्ता हा फरक सांगत नाही.

दुसरी उणीव पायऱ्यांची. ‘एक पायरी उतरली की दशांशचिन्ह एक घर सरकते’ हा नियम लांबीपुरता ठीक आहे. क्षेत्रफळाला तो दोन घरे आणि घनफळाला तीन घरे असा होतो. हे न कळता पाठ केलेला नियम कुठे नेतो ते पुण्यातल्याच उदाहरणावरून पाहू. १९५६ च्या कायद्याने देशाने मेट्रिक पद्धती स्वीकारली, तरी धरणांच्या बातम्या आपण घनफुटांतच वाचतो. टेमघर, वरसगाव, पानशेत आणि खडकवासला या चार धरणांची मिळून क्षमता २९.१५ टीएमसी, म्हणजे २९.१५ अब्ज घनफूट. एक फूट म्हणजे ०.३०४८ मीटर, म्हणून एक घनफूट म्हणजे ०.३०४८ घनमीटर असे कोणी धरले तर धरणे एकदम जवळजवळ अकरा पट मोठी होतात! ०.३०४८ चा घन केला की ०.०२८३ घनमीटर, म्हणजे सुमारे २८.३ लिटर मिळतात. चारही धरणांचा साठा मग ८२.५ कोटी घनमीटर येतो.

याच वेळी आणखी एक गोष्ट सांगावी. गणकयंत्र पुढे आणखी पाच-सहा अंक दाखवेल, पण मूळ आकडा चार अंकी आहे. रूपांतराने मापनाची अचूकता वाढत नाही. एक मिलिलिटरच्या खुणा असलेल्या मोजपात्राने मोजलेले २५ मिलिलिटर ‘०.०२५००० लिटर’ असे लिहिल्याने अधिक अचूक होत नाहीत.

तिसरी उणीव सर्वांत महत्त्वाची, कारण तिचा संबंध जिवाशी येतो. पुण्यातल्या प्रयोगशाळेचा रक्तशर्करेचा अहवाल मिलिग्रॅम प्रति डेसिलिटरमध्ये असतो. इंग्लंडमध्ये मुलीकडे गेलेल्या आजीला तोच अहवाल मिलिमोल प्रति लिटरमध्ये मिळतो. ९० मिलिग्रॅम प्रति डेसिलिटर म्हणजे लिटरमध्ये ९०० मिलिग्रॅम. ग्लुकोजचे रेणुवस्तुमान १८०, म्हणून ९०० भागिले १८० बरोबर ५ मिलिमोल. म्हणजे ‘१८ ने भागा’. पण हा १८ फक्त ग्लुकोजचा. कोलेस्टेरॉलला तो सुमारे ३८.७ असतो. ‘५’ वाचून घाबरणे एक वेळ चालेल. पण एकक न पाहता ‘१५’ हा आकडा फार कमी समजून कोणी आजीला साखर खाऊ घातली, तर? तो १५ म्हणजे आपल्याकडचा २७० आहे.

तक्ता काढून टाकावा असे नाही. त्यातल्या प्रत्येक ‘बरोबर’ चिन्हाला मुलांनी प्रश्न विचारावा: हे व्याख्येने खरे, की एखाद्या पदार्थापुरते? पदार्थापुरते असेल तर शेजारी पदार्थाचे नाव लिहावे. आणि घनफळाच्या पायऱ्या पाठ करण्याऐवजी पुठ्ठ्याची एक फूट बाजूची पेटी करावी. तिच्यात दहा सेंटिमीटर बाजूचे ठोकळे रचावेत. बरोबर २७ मावतात आणि दोन बाजूंना व वर अर्ध्या सेंटिमीटरहून किंचित कमी फट उरते. एवढीशी फट, पण तिच्यात १.३ लिटर पाणी मावेल. घन करणे म्हणजे काय हे त्या फटीकडे पाहून कळते.