रिकामं रिंगण

तुळशीचं लग्न लागलं की इगतपुरीच्या रिसॉर्टमध्ये माणसांच्या लग्नांची रांग लागते. मुंबई आणि नाशिक, दोन्हीकडच्या पाहुण्यांना सोयीचं, शिवाय मागे सह्याद्री फुकट. माझ्या मावसबहिणीचं लग्न तिथेच झालं. डेकोरेशनचा खर्च आटोक्यात ठेवायचा म्हणून आम्ही भावंडांनी स्टेजमागचे 14 फ्लोरल हूप घरीच केले. तेव्हापासून एक प्रश्न डोक्यात आहे: ही सजावट नक्की काय सांगते?

हूप म्हणजे भरतकामाची रिंगच. तिचं काम कापड ताणून धरण्याचं. आता कापड गेलंय, फक्त कडी उरलीय. ती पूर्ण भरायची नाही. तिसरा हिस्सा फुलांनी झाकायचा, बाकी मोकळी सोडायची, अशी फॅशन आहे. आधी पानं, मग मोठी फुलं, फटींमध्ये जिप्सो. देठ बारीक तारेने आवळायचे, वर हिरवी टेप. पहिले तीन हूप फसले, कारण आम्ही फुलं चारी दिशांना खोचली होती. देठ कडीच्या वळणाने झुकले तरच फुलं तिथेच उगवल्यासारखी दिसतात. हे हातांना कळलं तेव्हा खरंच मजा आली. तेव्हा हे थिल्लर काम आहे, असं मी म्हणणार नाही.

अडचण फुलांची होती. पाण्याबाहेर गुलाब दुपारपर्यंत मान टाकतो. झेंडू आणि शेवंती तग धरतात, पण ‘पेस्टल थीम’मध्ये झेंडूला एंट्री नव्हती. शेवटी कापडी आणि प्लास्टिकची फुलं आणली. तीही नाशिक जिल्ह्यात, जिथे दिंडोरी तालुक्यातल्या मोहाडी-जानोरीकडे पॉलिहाऊसमध्ये गुलाब पिकतो! प्लास्टिकच्या फुलांमुळे आपला माल पडून राहतो, ही फूलशेतकऱ्यांची तक्रार 2025मध्ये विधानसभेतही पोहोचली होती. ती तक्रार खरी आहे, आणि आमच्या 14 कड्या त्या गुन्ह्यात सामील आहेत.

पण ‘खरं चांगलं, खोटं वाईट’ इतका सोपा निकाल मला पटत नाही. मुंडावळ्या बघा. फुलांच्या जागी मोत्यांच्या आल्या, तेही बहुतेक खोटेच मोती. तरी कपाळाला बांधल्या की मुलगी नवरी दिसते. मुंडावळी माणसावर खूण करते. तोरण दारावर करते. अंतरपाट तर एका क्षणावर करतो: तो दूर होतो आणि दोघं एकमेकांना बघतात. कसारा घाट उतरून पालघरकडे गेलात तर वारली घरांत लग्नाचा चौक लिहितात. तांदळाच्या पिठाने भिंतीवर काढलेली तीही एक चौकटच. पण तिच्या मधोमध पालघट देवी असते. चौकट तिच्यासाठी असते.

हूपच्या मधोमध काय असतं? काहीच नाही. स्टेजमागे टांगलेली कडी खूण करते ती कॅमेऱ्याच्या जागेवर. इथे उभे राहा, फोटो चांगला येईल, एवढंच ती सांगते. म्हणून तिला न कोमेजणारं फूल लागतं, आणि म्हणून इगतपुरीचे हूप लोणावळ्यात टांगले तरी काही बिघडत नाही. माझा आक्षेप प्लास्टिकपेक्षा या कुठेही चालण्यावर जास्त आहे.

आमच्या 14 पैकी एक हूप मात्र वेगळा निघाला. आदल्या दिवशी मावशीने न विचारता एक कोरी रिंग उचलली. तिला आंब्याची पानं आणि झेंडू बांधले, मधून एक सुपारी लोंबती सोडली आणि ती घराच्या दारावर अडकवली. देठांची दिशा चुकलेली, तार दिसत होती. आमच्या हिशेबाने साफ फसलेला हूप.

पाच दिवसांनी गेलो तेव्हा झेंडू काळपटला होता, पानं वाऱ्याने खुळखुळत होती. कुणी ते उतरवलं नव्हतं. जिना चढून आलेल्या कुरिअरवाल्यानेही विचारलं, ‘लग्न झालं का घरात?’

बाकीचे 13 माळ्यावर खोक्यात आहेत. अजून अगदी ताजे. लग्न कुणाचं होतं, ते त्यांना विचारून कळणार नाही.