डिसोटोचे पुच्छपंख : मोटारीच्या अलंकाराचे व्याकरण

अमेरिकेत १९४८ पासून १९६० च्या दशकाच्या पूर्वार्धापर्यंत तयार झालेल्या अनेक मोटारींच्या मागील बाजूस जे उंच, टोकदार पंख दिसतात, त्यांना प्रस्तुत लेखात ‘पुच्छपंख’ असे म्हटले आहे. या पंखांनी मोटार उडत नाही. नेहमीच्या वेगात तिला त्यांच्यामुळे फारसे स्थैर्यही लाभत नाही. असे असता एका संपूर्ण उद्योगाने पंधरा-सोळा वर्षे त्यांवर बुद्धी, पोलाद आणि पैसा का खर्च केला, हा प्रश्न सौंदर्यशास्त्राचा आहे तितकाच अर्थविचाराचाही आहे. येथे तो १९५७ च्या डिसोटो सेडानच्या आधारे तपासावयाचा आहे. हे नाव आपल्या प्रदेशाला सर्वस्वी परके नाही. सोलापुरात १८८२ साली जन्मलेल्या वालचंद हिराचंद यांच्या पुढाकाराने १९४४ मध्ये प्रीमियर ऑटोमोबाईल्स ही कंपनी स्थापन झाली, आणि क्रायसलर कंपनीशी झालेल्या करारान्वये तिच्या कुर्ला येथील कारखान्यात १९४७ पासून क्रायसलरच्या मोटारींची जुळणी होऊ लागली. डिसोटो हे त्यांपैकीच एक नाव होय.

या अलंकाराविषयी १९५५ या एकाच वर्षी दोन परस्परविरुद्ध मते मांडली गेली. स्वतः नामांकित औद्योगिक रचनाकार असलेल्या रेमंड लोवी यांनी ‘अटलांटिक’ मासिकातून अमेरिकन मोटारीवर कठोर टीका केली. नाणे टाकून गाणी वाजविणाऱ्या झगमगीत यंत्राला चाके लावावीत तशी ही मोटार झाली आहे, असा त्यांचा आक्षेप होता. उलट रेनर बॅनहॅम या इंग्रज समीक्षकाने तिची बाजू घेतली. ल कार्बूझिए यांनी १९२३ मध्ये मोटारीची तुलना पार्थेनॉन मंदिराशी केली होती. जी वस्तू काही वर्षांनी टाकून द्यावयाची तिला चिरंतनाचे निकष लावणे चुकीचे होय, असे बॅनहॅम यांचे म्हणणे होते. मोटारीच्या अलंकारात त्यांना लोकांना सहज उमगणारी प्रतीकांची बोली दिसली.

लोवी यांचा निकष सत्याचा आहे: रूपाने यंत्राविषयी खोटे सांगू नये. बॅनहॅम यांचा निकष संकेताचा आहे, आणि तो अधिक फलदायी वाटतो. परंतु त्यांची दृष्टी मुख्यतः शब्दसंग्रहावर राहिली. पंख म्हणजे वेग, क्रोम म्हणजे सामर्थ्य, असा कोश त्यातून तयार होतो. भाषा म्हटली की कोशाबरोबर व्याकरणही आले, आणि पुच्छपंखांचा खरा अर्थ त्या व्याकरणात आहे, असे प्रस्तुत लेखकाचे मत आहे.

प्रथम प्रत्यक्ष कृती पाहू. व्हर्जिल एक्सनर यांच्या मार्गदर्शनाखाली सिद्ध झालेली १९५७ ची डिसोटो आधीच्या गाड्यांपेक्षा बुटकी, रुंद भासणारी आणि पातळ छपराची आहे. तिच्या खांद्याची रेषा मागे जाता जाता वर चढते आणि तिचाच पंख होतो. पंखाच्या उभ्या टोकात तीन गोल तांबडे दिवे एकावर एक बसविलेले आहेत, त्यामुळे पंखाची उंची रात्रीही वाचता येते. १९५६ च्या गाडीवर पंख होते, परंतु ते जुन्या सांगाड्याला मागाहून जोडलेले होते. १९५७ च्या गाडीतून पंख वगळले तर मागील अर्ध्या भागाची रेषाच उरत नाही. आपल्या काव्यशास्त्राच्या परिभाषेत सांगावयाचे तर येथे अलंकार आणि अलंकार्य वेगळे काढता येत नाहीत. पुच्छपंखांच्या साऱ्या परंपरेत ही गाडी श्रेष्ठ ठरावी ती याच गुणामुळे.

या पंखांमुळे गाडी अधिक स्थिर राहते, असा दावा कंपनीने वायुबोगद्यातील चाचण्यांच्या आधारे केला होता. परंतु याच कंपनीचा पूर्वानुभव बोलका आहे. वायुबोगद्यात खरोखर अभ्यास करून घडविलेली ‘एअरफ्लो’ ही मोटार १९३४ मध्ये क्रायसलर आणि डिसोटो या दोन्ही नावांनी बाजारात आली, आणि लोकांनी ती नाकारली. वाऱ्याशी प्रामाणिक असलेले रूप पडले आणि वेगाचा नुसता आविर्भाव करणारे रूप तेवीस वर्षांनी जिंकले. ग्राहक मोटारीत वायुगतिशास्त्र वाचीत नव्हता, एवढे यावरून निश्चित होते. तो काय वाचीत होता?

मराठीतील आदरार्थी बहुवचनाचा दाखला येथे उपयोगी पडेल. ‘गुरुजी आले’ या वाक्यात बहुवचन आहे, पण गुरुजी एकच आहेत. व्यवहाराच्या दृष्टीने हे रूप ‘खोटे’ आहे. तरीही ते निरर्थक नाही. ते संख्या सांगत नाही, पायरी सांगते. पुच्छपंखही वेग सांगत नाही, पायरी सांगतो. क्रायसलरच्या मोटारींत प्लिमथ, डॉज, डिसोटो, क्रायसलर आणि इंपीरिअल अशी किमतीची चढती श्रेणी होती. पंखांची ठेवण, दिव्यांची रचना, क्रोमच्या पट्ट्या आणि रंगांच्या जोड्या यांनी ही श्रेणी रस्त्यावर उच्चारली जात असे.

येथे एक आक्षेप संभवतो. आदरार्थी रूप आपण दुसऱ्याला देतो. मोटारीचा अलंकार मालक स्वतःच मिरवितो. आक्षेप रास्त आहे, आणि त्याने उपमा अधिक नेमकी होते. पुच्छपंख हे ‘ते आले’ मधील बहुवचन नसून राजाच्या आणि संपादकाच्या ‘आम्ही’ मधील बहुवचन आहे. असा ‘आम्ही’ थोड्यांच्याच तोंडी शोभतो. सर्वांनी तो वापरला की त्याचे वजन जाते.

नेमके हेच घडले. १९४८ मध्ये हार्ली अर्ल यांच्या कार्यशाळेतून, लॉकहीड पी-३८ या लढाऊ विमानाच्या शेपटीवरून सुचलेले छोटे पंख जनरल मोटर्सच्या सर्वांत मानाच्या, म्हणजे कॅडिलॅक गाडीवर आले. १९५७ पर्यंत ते स्वस्त प्लिमथवरही मोठ्या डौलाने उभे राहिले. आपल्या पत्रव्यवहारात ‘राजमान्य राजश्री’ या मायन्याचे असेच झाले. राजाने मान्य केलेल्यासाठी असलेले विशेषण पुढे कोणाही गृहस्थाच्या नावामागे ‘रा. रा.’ होऊन बसले. ‘राजन्’ पासून आलेला ‘राव’ ही त्याच वाटेने सामान्य नामांचा शेपूट झाला. मान खाली झिरपला की वर नवे रूप लागते: १९५९ च्या कॅडिलॅकचे पंख सर्वांत उंच झाले. त्यापुढे चढण्यास जागा नव्हती. पंख वर्षागणिक खाली आले, आणि १९६५ च्या कॅडिलॅकवर ते राहिले नाहीत. लोवी यांच्यासारख्यांच्या टीकेने हा अलंकार संपला असे मानण्यापेक्षा तो आपल्याच प्रसाराने झिजला, असे मानणे अधिक सयुक्तिक होय.

डिसोटोचा अंतही याच दृष्टीने पाहता येतो. भाषिक चिन्हाचे मूल्य शेजारच्या चिन्हांशी असलेल्या भेदावर अवलंबून असते, हा सोस्यूर यांचा सिद्धांत येथे आठवावा. डॉजच्या महाग गाड्या वर सरकल्या, क्रायसलरच्या स्वस्त गाड्या खाली उतरल्या आणि मधली जागा नाहीशी झाली. १९५७ मध्ये सुमारे १ लाख १७ हजार डिसोटो तयार झाल्या; मंदीच्या १९५८ मध्ये हा आकडा ५० हजारांच्या खाली गेला. १९५७ च्या गाड्यांच्या सदोष बांधणीने आणि गंजाने कंपनीच्या लौकिकाला धक्का दिला होता, हेही विसरता येत नाही. परंतु मंदी आणि गंज यांचे दुःख कंपनीच्या सर्वच नावांना होते. नष्ट झाले ते डिसोटो, ३० नोव्हेंबर १९६० रोजी.

आता कुर्ल्याकडे वळू. १९५० च्या दशकात प्रीमियरने विकलेल्या प्लिमथ सॅव्हॉय, डॉज किंग्जवे आणि डिसोटो डिप्लोमॅट या मुळात एकच गाडी होत्या. भेद होता तो जाळीचा, पट्ट्यांचा आणि नावाच्या अक्षरांचा. परदेशांतील डॉज आणि डिसोटोच्या विक्रेत्यांनाही स्वस्त गाडी हवी, म्हणून क्रायसलरने प्लिमथच्या सांगाड्यावर ही नावे चढविली होती. पाणी, जल आणि उदक यांचा निर्देश एकच. पण तहान लागली असता कोणी उदक मागत नाही. पर्यायशब्दांतील हा भेद प्रसंगांच्या व्यवस्थेवर उभा असतो. डिप्लोमॅटजवळ उदकाचे नाव होते, प्रसंग नव्हता. १९५७ च्या निर्यातीच्या डिप्लोमॅटचे मुख डिसोटोचे आणि पाठ प्लिमथची असल्याने तिच्यात तो तीन दिव्यांचा पंखही नाही. कर्ता एका वचनात आणि क्रियापद दुसऱ्या वचनात असावे, तसा तिचा अन्वय बिघडतो. मूळ डिसोटोविषयी दिलेला अनुकूल अभिप्राय तिला लागू करता येत नाही.

शिवाय भारतात ती व्यवस्थाच आकुंचित झाली. १९४९ मध्ये तयार मोटारींच्या आयातीवर बंदी आली. १९५३ च्या टॅरिफ कमिशनच्या शिफारशींनंतर देशी उत्पादनाचा कार्यक्रम नसलेल्या कंपन्यांना येथे स्थान उरले नाही, आणि १९२८ पासून मुंबईत जुळणी करणाऱ्या जनरल मोटर्सने १९५४ मध्ये काम थांबविले. दरवर्षी नवे रूप आणणारा अमेरिकन क्रम येथे पोहोचेना. पाच पायऱ्यांची श्रेणी जाऊन ‘मोठी अमेरिकन गाडी’ आणि ‘लहान गाडी’ असा एकच भेद उरला. पुढे यांतील अनेक गाड्या मुंबईत टॅक्सी झाल्या, आणि तो ‘आम्ही’ भाडे देणाऱ्या कोणाही उतारूला काही मैलांपुरता मिळू लागला.

क्षेमेंद्राने औचित्याला काव्याचे जीवित मानले. अलंकार योग्य स्थानी असेल तरच तो अलंकार. मात्र स्थान योग्य की अयोग्य हे ठरविण्यास ज्या व्यवस्थेत ते स्थान आहे ती व्यवस्था वाचता आली पाहिजे. या मोटारींना नुसता ‘अमेरिकन भपका’ म्हणून निकालात काढणे म्हणजे एका भाषेतील शब्द दुसऱ्या भाषेच्या व्याकरणाने तपासणे होय.

या पद्धतीने पुढील अभ्यासास आपल्याकडेच सामग्री आहे. प्रीमियरचीच फियाट ११०० डिलाइट १९७० च्या दशकात प्रथम प्रीमियर प्रेसिडेंट आणि नंतर प्रीमियर पद्मिनी झाली. सांगाडा तोच राहिला आणि नाव इंग्रजीतून संस्कृतात आले. कुर्ल्यात एकाच वेळी एका गाडीला तीन नावे होती. येथे ती एकामागून एक आली. ३० ऑक्टोबर २०२३ रोजी मुंबईच्या टॅक्सी-सेवेतून पद्मिनीला निरोप देण्यात आला. त्या तीन नावांतील मूल्यभेदाचा विचार मराठीच्या अभ्यासकाने अवश्य करावा.