टिचकी मारण्याचा हक्क

संगमनेर तालुक्यातल्या, प्रवरेकाठच्या जोर्वे या गावाचे नाव जगातल्या पुरातत्त्वज्ञांना मडक्यांमुळे ठाऊक आहे. १९५०-५१ साली डॉ. सांकलिया आणि डॉ. देव यांनी तेथे उत्खनन केले. जी भांडी सापडली त्यांना पुढे गावाचेच नाव मिळाले, आणि भांड्यांवरून एका संपूर्ण संस्कृतीला. नंतर नेवासे, श्रीरामपूर तालुक्यातील दायमाबाद, पुणे जिल्ह्यातील इनामगाव येथेही तीच भांडी निघाली. इसवी सनापूर्वी सुमारे १४०० ते १००० हा त्यांचा भरभराटीचा काळ. चांगली मळलेली बारीक माती, वेगाने फिरणाऱ्या चाकावर घडवलेला अंग, वर तांबड्या मातीचा पातळ लेप, त्यावर काळ्या रंगात भौमितिक नक्षी, कंबरेत मोडलेल्या वाट्या आणि लांब तोटीचे चंबू. भाजणी इतकी पक्की की वाजवले असता धातूसारखा नाद येतो. हा नाद प्रत्येक ग्रंथात नोंदलेला आहे. पण तो का येतो, हे सांगण्याची गरज आपल्या कलासमीक्षेला क्वचितच वाटलेली दिसते.

मला ते पुस्तकात नव्हे, दायमाबादच्या टेकाडावर कळले. विद्यार्थ्यांना घेऊन गेलो होतो. एका मुलाने जमिनीवरची खापरी उचलली, बोटाच्या पेराने वाजवली आणि होती तिथेच परत ठेवली. म्हणाला, "सर, आमच्या घरच्या आव्यात असा आवाज निघत नाही. याला आच जास्त लागते, आणि ती धरून ठेवायला भिंत लागते." मुलगा कुंभाराच्या घरचा. त्याच्या एका वाक्यात भाजणीचे सारे शास्त्र होते. गवऱ्या, पाचट, खापर रचून केलेल्या उघड्या आव्यात उष्णता साधारण सातशे-आठशे अंशांच्या आसपास घोटाळते आणि वाऱ्याबरोबर उडून जाते. बंद भट्टीत ती चढते, टिकते, आणि हवा मोकळी मिळाली तर मातीतल्या लोहाचा तांबडा रंग खुलतो. धूर कोंडला तर तीच माती काळी पडते. इनामगावला अशी गोल भट्टी उत्खननात सापडलेली आहे. म्हणजे तीन हजार वर्षांपूर्वीच्या कुंभाराजवळ जे होते, ते आजच्या त्या मुलाच्या बापाजवळ नाही. याला कलेची परंपरा म्हणायचे की श्रमिकाच्या हातून साधन गेल्याची हकिगत?

इनामगावच्या वस्तीचे वाचनही तपासले पाहिजे. सधन शेतकऱ्यांची घरे मधोमध आणि कुंभार, सोनार इत्यादी कारागिरांची घरे पश्चिमेच्या कडेला, असे उत्खननकर्त्यांनी मांडले. हे वाचताच आपल्याला आपले गाव दिसू लागते. मला वाटते, इथे दोन्ही बाजूंनी सावध राहावे. भट्टीचा धूर आणि आग वस्तीबाहेर ठेवणे ही साधी सोय असू शकते. तिला लगेच जातीची सीमा म्हणणे म्हणजे जातिव्यवस्थेला तीन हजार वर्षांचे जन्मपत्र आपणच लिहून देणे होय. पण कारागीर कडेलाच असायचे, असे गृहीत धरून पुढे जाणारा अभ्यासकही बलुतेदारीचा चष्मा लावूनच बघत असतो.

आणि बलुतेदारीत सगळे कारागीर एका पंक्तीत होते, या भाबड्या समजुतीला तर जागाच नाही. याच जिल्ह्यातील अकोले तालुक्यातल्या धामणगावच्या दया पवारांनी १९७८ साली आपल्या आत्मकथनाला 'बलुतं' हे नाव दिले, ते उगाच नव्हे. कुंभारही बलुतेदार, महारही बलुतेदार. आमच्या गावचा कुंभार महारवाड्याला मडकी देई. पण माझी आजी सांगायची, पाहून घ्यायचे, हात लावायचा नाही. मडके घेताना टिचकी मारून बघतात, तडा असेल तर बद्द वाजते. ती मुभा तिला नव्हती. हात लागला की मडके तिचे झाले, फुटके असले तरी.

गोरोबाकाकांनी थापटणे घेऊन संतांची डोकी वाजवून पाहिली आणि नामदेव कच्चे ठरले, ही कथा आपण कौतुकाने सांगतो. ती कुंभाराच्या रोजच्या परीक्षेतून आली आहे. त्या परीक्षेचा हक्क कोणाला होता आणि कोणाला नव्हता, हे कथेत येत नाही.

विटाळाचे शास्त्रही मातीच्या गुणधर्मावरच उभे केले गेले. तांब्या-पितळेचे भांडे घासून शुद्ध होते, मातीचे फेकून द्यावे लागते, कारण कमी आचेची माती सच्छिद्र असते, पाणी शोषते. हे छिद्र खरेच आहे. कोरडे खापर तोलावे, पाण्यात उकळावे, पुन्हा तोलावे. किती पाणी प्यायले ते कळते. याच छिद्रांतून पाणी झिरपून बाष्प होते आणि उन्हाळ्यात माठ गार राहतो. एकाच गुणाचा उपयोग घरात गारव्यासाठी आणि दारात माणूस अडवण्यासाठी. १९२७ साली महाडला चवदार तळे 'शुद्ध' करायला सनातन्यांनी १०८ मातीच्या घागरीच वापरल्या. पेशवाईत पुण्यात अस्पृश्याच्या गळ्यात थुंकण्यासाठी मातीचे मडके बांधले जाई, हे बाबासाहेबांनी १९३६च्या 'अ‍ॅनिहिलेशन ऑफ कास्ट'मध्ये नोंदवले. मडक्याच्या सौंदर्यावर लिहिणाऱ्याने हे मडकेही टेबलावर ठेवले पाहिजे.

आज शहरात स्टुडिओ-कुंभारकाम वाढते आहे. इंग्लंडच्या बर्नार्ड लीचचे 'ए पॉटर्स बुक' (१९४०) हा त्याचा मूळ ग्रंथ, आणि जपानच्या यानागींचा 'अनाम कारागीर' हा त्याचा आदर्श. नावाचा सोस न धरता रोजच्या वापराची वस्तू करणाऱ्याच्या हातून खरे सौंदर्य उतरते, असे यानागींचे म्हणणे. यातली कळकळ मी नाकारत नाही. पण आपल्याकडे अनामिकता ही कोणी पत्करलेली साधना नव्हती. वाडग्याच्या बुडाला आपली मोहर उमटवणारा शहरी कलावंत आणि आठवडेबाजारात डझनाने माठ विकणारा कुंभार यांच्यात कौशल्याचा फरक असेलच असे नाही. फरक बाराशे अंशांच्या भट्टीचा, विकत आणलेल्या मातीचा आणि दालनाचा आहे. इथली काळी माती वाळताना आकसते, तडकते. तिच्यात राख, लीद, रेती किती घालायची हे ज्या घरांना पिढ्यान्‌पिढ्या माहीत आहे, त्यांचे प्रमाण कोणत्या पाठ्यपुस्तकात आले?

जोर्वेच्याच काळात लहान मूल गेले की त्याला दोन रांजणांत, तोंडाला तोंड लावून, घराच्या जमिनीखालीच पुरत. नेवासे, दायमाबाद, इनामगाव, सर्वत्र हे दिसते. त्यासाठीचे जाड, ओबडधोबड रांजण संग्रहालयात रंगीत चंबूंच्या मागे असतात, आणि समीक्षेत तर नसतातच.

त्या मुलाला मी विषय दिला आहे: घरच्या आव्याची नोंद, माती कोठून, किती लीद, किती वेळ, किती फुटले. त्याने विचारले, यात आई माती चाळते ते लिहू का. तिला चाकाला हात लावू देत नाहीत, हेही लिही, असे मी सांगितले आहे.